टबभर कोमट पाणी

प्रिय बबडे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी बरी आहे. फोन हाताशी असताना आईला पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुला वाटेल. फोनवर तू मला दर दोन वाक्यांनी थांबवतेस, ‘बरं, मग डॉक्टर काय म्हणाले?’ करत थेट शेवटाकडे पळतेस, आणि मला सांगायचंय ते सगळं मधल्या भागात आहे. पत्राला कुणी मध्येच तोडत नाही. तेव्हा प्रयोगशाळेतून आलीस की तोंडावर पाणी मार, काहीतरी खा आणि मग निवांत बसून वाच. आधी खाऊन घे म्हणते, कारण विषय जेवणाच्या टेबलावरचा नाही.

‘बसायच्या जागी एक किरकोळ ऑपरेशन आहे’ एवढंच मी तुला सांगितलं होतं, आणि तू मूळव्याध धरून चाललीस. सगळेच तसं धरून चालतात. ती मूळव्याध नव्हती, फिशर होतं. शौचाच्या जागी पडलेली चीर. चीर केवढी, तर डॉक्टरीणबाईंनी करंगळीच्या नखाची कड दाखवली, तेवढी. पण रोज सकाळी संडासला जाणं म्हणजे त्याच जखमेवर पुन्हा सुरी फिरवून घेणं. आणि गेलं की संपलं असंही नाही. नंतर जो ठणका सुरू व्हायचा तो दुपारपर्यंत पुरायचा. दाताचं दुखणं असतं तर चार जणांना सांगितलं असतं, गाल धरून हिंडले असते. हे धरून कुठे हिंडणार?

आणि धंदा माझा बसण्याचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या शिकवणीच्या गाडीत, शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर, पायाखाली माझा वेगळा ब्रेक आणि क्लच. गल्लीतली पोरं मला ‘ब्रेकबाई’ म्हणतात हे तुला ठाऊकच आहे. एकामागून एक शिकवण्या, मध्ये जेमतेम माणूस बदलण्यापुरता वेळ. पाणी प्यायलं की जावं लागणार, आणि बाईमाणसानं रस्त्यावर जायचं कुठे? म्हणून मी पाणीच पीत नसे. घसा सुकला तर एखादा घोट, बाकी चहा आणि कोरडी बिस्किटं. लागली तरी दाबून ठेवायची, घरी गेल्यावर बघू म्हणायचं. वर्षानुवर्षं शरीरानं ऐकून घेतलं. मग एक दिवस ऐकेनासं झालं.

पहिल्यांदा भांड्यात लाल रंग दिसला तेव्हा मी पाणी ओतलं आणि दार उघडून बाहेर आले, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. मनात तो नको असलेला शब्द आला आणि घर करून बसला. कुणाला बोलले नाही. तुझ्याशी रोज बोलत होते की, हवा कशी आहे, तुझ्या घरमालकिणीची मांजर व्याली का, सगळं विचारत होते, आणि बोलताना एका पायावर भार देऊन उभी असायचे. बसवत नव्हतं ना. तू एकदा म्हणालीस, ‘आई, तू चालतेयस का बोलताना?’ मी म्हटलं, ‘हो, डॉक्टरांनी सांगितलंय चालायला.’ डॉक्टरांकडे तोवर मी गेलेच नव्हते.

गेले ते एका दातांच्या डॉक्टरमुळे. माझा विद्यार्थी. माणसाच्या तोंडात ड्रिल घालताना हात थरथरत नाही, पण गाडी मागे घ्यायची म्हटली की घामाघूम होतो. त्या दिवशी तो दोन खांबांच्या मधून गाडी मागे घेत होता, अगदी छान घेत होता, आणि मला अशी कळ आली की पाय आपोआप ब्रेकवर आपटला. गाडी गचका खाऊन बंद पडली. बिचाऱ्याला वाटलं आपलंच चुकलं. ‘मॅडम, मला हे नाही जमणार,’ म्हणून त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मी म्हटलं, ‘तुमचं काही चुकलं नाही हो, माझंच दुखतंय.’ त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. काय दुखतंय ते त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला, ‘माझ्याकडे लोक दात पार किडल्यावर येतात आणि म्हणतात, आधी यायला लाज वाटत होती. दातांची लाज कसली, ते मला अजून कळलेलं नाही.’ मग गाडी चालू केली आणि माझ्या घरापर्यंत स्वतः चालवत आणली. एकदाही बंद पाडली नाही.

डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याएवढ्या. तेच जास्त जड गेलं. माझ्या लेकीच्या वयाच्या पोरीसमोर कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडायचं. मी भिंतीकडे तोंड करून पडले. तिथे शरीराच्या आतल्या भागांचं चित्र टांगलेलं होतं, छान गुलाबी, कुणाला काही दुखत नसल्यासारखं. त्यांनी तपासलं ते अगदी हलक्या हाताने, आणि मी कपडे सारखे करायच्या आतच म्हणाल्या, ‘तुम्हाला ज्याची भीती वाटतेय ते हे नाही.’ मी तर बोललेही नव्हते. म्हणाल्या, ‘रक्त बघून सगळे तेच मनात घेऊन येतात आणि कुणी उच्चारत नाही, म्हणून मी आधी सांगून टाकते.’ बबडे, मी तिथे टेबलावरच रडले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या जागी एक स्नायू असतो, आपल्या ताब्यात नसलेला. चीर पडली की तो दुखण्याच्या धास्तीनं आवळून बसतो. आवळला की तिथे रक्त नीट पोचत नाही, आणि रक्त पोचलं नाही की जखम भरत नाही. न भरलेली जखम पुन्हा दुखते, तो आणखी आवळतो. आधी मलम दिलं, सकाळ-संध्याकाळ लावायचं. त्याने खाली आराम पडायचा आणि डोकं मात्र फुटायला यायचं. पोट मऊ ठेवायचं औषध, रात्री इसबगोल, भरपूर पाणी, कोमट पाण्यात बसणं. थोडं बरं वाटलं, मी लगेच जुन्या वळणावर गेले, पुन्हा चीर उघडली. असं दोनदा झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘आता त्या स्नायूला एक छोटा छेद देऊन सैल करूया. मग जखम आपली आपण भरेल.’ धोकाही लपवला नाही. काही दिवस वायू आवरणार नाही, क्वचित कुणाला ते जास्त दिवस राहतं, म्हणाल्या. मी म्हटलं, मी बंद गाडीत लोकांच्या शेजारी बसते. त्या म्हणाल्या, ‘काचा खाली करा.’

तयारी मी केली ती माझ्या पद्धतीनं, म्हणजे कुणाची गरज पडू नये अशी. रक्त तपासून झालं, हृदयाचा आलेख काढून झाला. कमोडवर बसणारा प्लास्टिकचा टब आणला. सैल सुती झगे धुऊन ठेवले, उंच कपाटातलं सगळं खालच्या फळीवर आणलं, फळं आणि भाज्या भरून ठेवल्या, शिकवण्या दुसऱ्या बाईंकडे सोपवल्या. सगळं जागच्या जागी. आणि मग हॉस्पिटलातल्या सिस्टरनी विचारलं, ‘सोबत कोण?’ मी म्हटलं, ‘सोबत कशाला? टॅक्सीने येईन, टॅक्सीने जाईन.’ त्या म्हणाल्या, ‘कमरेत भूल देणार आहोत, बाई. सोबत मोठं माणूस असल्याशिवाय टेबलावर घेत नाहीत.’ मोठं माणूस. मी पन्नाशी ओलांडलेली, शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवलेली, आणि मला सोबत मोठं माणूस हवं.

मावशीला विचारलं, ती लगेच तयार झाली. आदल्या दिवशी ती जिन्यावरून घसरली आणि तिचाच पाय प्लास्टरमध्ये गेला. हे तुला ठाऊक आहे, पण तिचा पाय ‘नंतर कधीतरी’ मोडला असं तुझ्या डोक्यात आहे. तू फोनवर विचारलंस, ‘सोबत आहे ना मावशी?’ आणि मी म्हटलं, ‘आहे सोबत.’ तू ऐकलंस मावशी. मी फक्त सोबत म्हटलं होतं. आता इथे कागद खाली ठेवू नकोस, पुढचं वाच.

सकाळी उपाशीपोटी मी हॉस्पिटलात पोचले. मावशी म्हणाली होती, ‘तू जा, मी पाठवते कुणाला तरी.’ मला वाटलं तिची शेजारीण येईल. बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर पिशवी घेऊन तुझे बाबा बसले होते.

केस पार पांढरे झालेत. मला बघून उठले, आणि उठल्यावर पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. मी म्हटलं, ‘तुम्ही कशाला आलात?’ म्हणाले, ‘तुझ्या बहिणीनं सांगितलं.’ ‘काय सांगितलं?’ ‘ऑपरेशन आहे एवढंच.’ ‘कशाचं ते?’ त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, ‘तेही सांगितलं.’ मला मावशीचा दुसरा पायही मोडावासा वाटला. पण सिस्टर नाव पुकारत होत्या. एक तर घरी जायचं आणि ते दुखणं सोबत घेऊन जायचं, नाहीतर यांना सोबत मानायचं. सिस्टरनी विचारलं, ‘हे कोण तुमचे?’ कागदोपत्री ते माझे कुणीच नाहीत, तुझं कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी ते नातं संपलं. मी म्हटलं, ‘माझ्या मुलीचे वडील.’ सिस्टरना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि मला एनिमा द्यायला आत घेऊन गेल्या.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं थोडंच. कमरेत सुई टोचली, बसल्या जागी वाकून, आणि मग माझे पाय दुसऱ्याच बाईचे झाले. पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई आणि भूल देणारे डॉक्टर दाराच्या करकरीबद्दल बोलत होते, कुणी तेल घालत नाही म्हणून. मी मनात म्हटलं, एवढ्याशा गोष्टीवर बोलताहेत म्हणजे माझं ठीक चाललंय. घरी फोडणीला घालायचं काय याचा विचार करता करता संपलंसुद्धा. वेळ गेला तो नंतर. पाय परत माझे झाले, तहान लागली, पाणी प्यायले, आणि लघवी होईना. पोट तट्ट फुगलं. भुलीने असं होतं म्हणे. सिस्टर म्हणाल्या, थोडा वेळ बघू, नाहीतर नळी घालावी लागेल. नळीचं नाव ऐकून माझं सगळंच आणखी आखडलं. तुझे बाबा पडद्याबाहेर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलंच असणार. मला धरून संडासापर्यंत नेलं, दार लोटलं, आणि मग शेजारच्या बेसिनचा नळ सोडला, बारीक धार. नळ वाहत राहिला, ते तिथेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तू लहान असताना प्रवासाला निघायच्या आधी तुझ्यासाठी ते असंच करायचे, ते मला आत बसल्या बसल्या आठवलं. नळी घालावी लागली नाही.

हे घर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. दारात थांबून विचारलं, ‘चपला कुठे ठेवू?’ मी दाखवलं. माझा बिछाना नीट केला, औषधं ओळीने लावली. मी म्हटलं, ‘उद्या गेलात तरी चालेल, आजची रात्र मात्र थांबा, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. मुलीच्या खोलीत झोपा, तिथे पलंग आहे.’ त्यांनी दार उघडून आत पाहिलं. तुझं टेबल, तू जमवलेले दगडगोटे, भिंतीवरचा तुझ्या पदवीदानाचा फोटो, ज्या समारंभाला ते आले नव्हते. दार ओढून घेतलं आणि म्हणाले, ‘तिची खोली आहे. तिला विचारल्याशिवाय नको.’ सोफ्यावर झोपले. पाय बाहेर लोंबकळत होते.

आता पुढचा भाग. ऑपरेशनपेक्षा मला भीती होती ती पहिल्यांदा जाण्याची. म्हणून मी शक्कल काढली, खायचंच नाही. पोटात काही गेलं नाही तर बाहेर काय येणार? सकाळी त्यांनी ओट्सची पातळ पेज केली, मी दोन चमचे घेतले आणि झोप आल्याचं सोंग केलं. दुपारी भोपळ्याचं सूप, तेही तसंच. आयुष्यभर ज्यानं ताटं परत आलेली बघितली, आधी जहाजाच्या भटारखान्यात आणि आता त्या मुलांच्या वसतिगृहाच्या, त्याला हे कळायला किती वेळ लागणार? वाटी उचलता उचलता म्हणाले, ‘उपाशी राहून ते टळणार नाही. आत घट्ट होत जाईल आणि मग बोंब मारशील.’ मी म्हटलं, ‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं?’ ‘त्यातलं नाही कळत. पोरं परीक्षेच्या दिवसांत जेवत नाहीत, त्यांचं काय होतं ते कळतं.’ मग समोर खुर्ची टाकून बसले, मी संपवेपर्यंत. भिजवलेल्या मनुका, पिकलेला पेअर, पालेभाजीचं गरम पाणी, वर ग्लासभर साधं पाणी. मला राग आला होता आणि मी खात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेळ आली. मी आत गेले, कडी लावली आणि बाहेर एकदम रेडिओ मोठ्यानं लागला. कसल्यातरी बाजारभावांच्या बातम्या, इतक्या मोठ्यानं की शेजारणीने भिंत ठोकली असती तरी ऐकू आलं नसतं. मी ओरडले तर मला लाज वाटू नये म्हणून. ओरडले, थोडंसं. पण दुखणं पूर्वीचं नव्हतं. ताज्या जखमेचं होतं, साधं, सरळ. झाल्यावर मी वाट पाहत बसले, आता ठणका सुरू होईल, आता होईल. तो आलाच नाही. बाहेर आले, रेडिओ बंद केला आणि म्हटलं, ‘झालं.’ ते म्हणाले, ‘बरं,’ आणि चहाचं आधण ठेवायला गेले. दोन काड्या वाया गेल्या तेव्हा कुठे शेगडी पेटली.

‘उद्या गेलात तरी चालेल’ म्हटलं होतं, पण वसतिगृहाला सुट्टी होती म्हणून ते राहिले. मी जा म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. दिवसातून तीन-चारदा टब भरायचा. पाणी तापवायचं, बादलीत विसण घालायचं, कोपर बुडवून बघायचं, तान्ह्या बाळाचं बघतात तसं, टब ठेवायचा आणि बाहेर येऊन दार ओढायचं. मी आत कोमट पाण्यात बसलेली, ते बाहेर स्टुलावर, चक्कर आली तर म्हणून. मध्ये दार. बोलणं झालं ते तिथेच. समोरासमोर आम्हाला कधी जमलं नसतं.

एक दिवस मी दाराआडून विचारलं, ‘यायचं बंद का केलंत?’ बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, ‘पहिल्यांदा जहाजावरून आलो तेव्हा ती धावत आली. पुढच्या खेपेला तिच्या मैत्रिणींची नावं मला ठाऊक नव्हती. त्याच्या पुढच्या खेपेला मी तिला तिच्या आवडीचं म्हणून काहीतरी करून वाढलं, तर तू म्हणालीस, ते ती आता खात नाही. तिनं मात्र मुकाट्यानं खाल्लं, पाहुण्यांचं मन राखतात तसं. भटारखान्यात मला सगळ्यांची चव पाठ होती. घरी आलो की मी अडाणी. मग वाटलं, पुढच्या खेपेला जाऊ. मग त्याच्या पुढच्या.’ मी म्हटलं, ‘ती जिन्यात बसून राहायची. शाळेचा गणवेश न बदलता.’ मी त्यांची समजूत घातली नाही. तुझ्या वतीने मी माफ करणारी कोण? आणि माझ्या वतीने केलं का, तेही विचारू नकोस, मलाच ठाऊक नाही. पाणी गार झालं होतं. बाहेरून बादली उचलल्याचा आवाज आला आणि मग, ‘अजून गरम पाणी देऊ का?’ मी म्हटलं, ‘द्या.’

सगळं असंच जड चाललं होतं असं समजू नकोस. वायूबद्दल डॉक्टरीणबाई खरंच बोलल्या होत्या. एकदा ते मला औषधाच्या वेळा गंभीरपणे समजावून सांगत होते आणि माझ्याकडून असा काही आवाज झाला की ते मध्येच थांबले. मी छताकडे बघितलं. ते म्हणाले, ‘हो, म्हणजे ही गोळी जेवणानंतर,’ आणि मग त्यांना राहवलं नाही. आम्ही दोघं इतकं हसलो, की मी उशी धरून ‘नका हो, दुखतंय’ म्हणत होते आणि ते भिंतीला टेकून डोळे पुसत होते. शेवटचं कधी हसलो होतो दोघं एकत्र, ते मला आठवलंच नाही. एकदा मात्र दुखणं थांबवायच्या गोळीने पोट घट्ट झालं, पुन्हा थोडं रक्त दिसलं आणि माझं अवसान गळालं. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘भरणारी जखमसुद्धा एखाद्या वेळी रक्त दाखवते. पाणी वाढवा.’ ते माझ्याआधी ग्लास घेऊन उभे.

पण मी ब्रेकबाई आहे. माझा धंदाच माणसांच्या हातापायांकडे बघण्याचा आहे. बादली उचलताना ते डावा हात जांघेशी दाबून धरत होते. खोकलं की तिथेच हात. एकदा विचारलं तर म्हणाले, ‘जुनं आहे, जड पातेली उचलून येतं, झोपलं की आत जातं.’ बाहेर येतं आणि आत जातं, म्हणजे काय ते मलासुद्धा कळलं. मी ते मनात ठेवलं. फेरतपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझी जखम बघितली, छान भरतेय म्हणाल्या, आणि मी कपडे सारखे करून म्हटलं, ‘आता बाहेर बसलेत त्यांनाही बघा.’ ते ‘मला काही नाही, मी नुसता सोबत आलोय’ म्हणत होते. पण त्या बाईंसमोर मी नाही बोलू शकले, ते कसे बोलणार? हर्निया निघाला, बराच मोठा. ‘आतडं अडकलं तर धावपळ करावी लागेल. अडकायच्या आधी करून घ्या,’ म्हणाल्या. ते ‘सुट्टी संपतेय, नंतर बघतो’ म्हणून त्यांच्या गावी निघून गेले. आमचं नंतर बघणं कसं असतं, ते तू आम्हा दोघांकडून पाहिलंच आहेस.

मी कामावर परत गेले आहे. गाडीत पाण्याची मोठी बाटली असते, दोन शिकवण्यांच्या मध्ये पंपावरच्या बाईशी ओळख काढून तिथला संडास वापरते, आणि कुणाला घाईची लागली तर मीच सांगते, थांबवू नका, गाडी बाजूला घ्या. सकाळी आत जाताना अजून मी कडीवर हात ठेवून थांबते. बाहेर येते ती सरळ चहाचं आधण ठेवायला. डॉक्टरीणबाई म्हणतात, शरीर विसरतं, मन इतक्या लवकर विसरत नाही, त्याला जरा वेळ द्या.

आता हे सगळं लिहिलं कशासाठी, ते सांगते. गेल्या आठवड्यात भटारखान्यात पातेलं उचलताना तुझ्या बाबांची ती गाठ आत जाईना. सुदैवाने गेली, पण ते घाबरले, आणि त्यांनी मला फोन केला. येत्या सोमवारी त्यांच्याच गावी ऑपरेशन आहे. मी शनिवारी तिकडे जातेय, ते हिंडूफिरू लागेपर्यंत राहीन. आम्ही पुन्हा एकत्र येतोय असं काही नाही, तसं आमच्या दोघांच्याही मनात नाही. हे पत्र लिहितेय हे त्यांना ठाऊक नाही, आणि तुझ्याबद्दल ते कधी एक शब्दही विचारत नाहीत. फक्त इथे असताना तुझा फोन आला आणि मी बोलायला लागले, की त्यांच्या हातातलं काम थांबायचं. तू नेहमीप्रमाणे रविवारी फोन करशील, तेव्हा मी त्यांच्या खोलीत असेन. खोली एकच आहे, आत-बाहेर काही नाही. मागून त्यांचा खोकला ऐकू आला तर फोन ठेवू नकोस. त्यांच्याशी बोल असं मी म्हणत नाही, त्यांना काही विचार असंही नाही. माझ्याशीच बोल, घरमालकिणीची मांजर, तुझं काम, काय खाल्लंस, कोण भेटलं, नेहमीचं सगळं. फक्त जरा मोठ्यानं बोल.

काहीही झालं तरी तुझीच,
आई